गणपतीच्या सुट्टीतले मीटर : किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयाचा प्रकरण अभ्यास

हरतालिकेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आमच्या महाविद्यालयाच्या मीटर खोलीत तीन विद्यार्थी उभे होते. एकीने टॉर्च धरली, एकाने आकडा मोठ्याने वाचला, तिसऱ्याने तो नोंदवहीत उतरवला. मग खोलीला कुलूप लागले आणि जो तो आपल्या गावी गणपतीला गेला. कोकणात गणपतीला कॉलेज बंद म्हणजे खरोखरच बंद. वसतिगृह रिकामे, कार्यालयाला टाळे, आवारात चिटपाखरू नाही. सात दिवसांनी त्याच वेळी तेच तिघे परत आले. मीटर २१.७ ने पुढे सरकले होते. आमच्या मीटरचा गुणक अवयव, म्हणजे आकड्याला ज्याने गुणायचे तो, २०; म्हणून ४३४ युनिट झाले. दिवसाला ६२.

"सर, कोण नाय तरी मीटर पळता कसो?" देवगडकडच्या त्या मुलीने विचारले.

कामाच्या दिवशी आमचा वापर दोनशे युनिटांच्या आसपास असतो. म्हणजे एकही माणूस नसताना त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश वीज जात होती. ती कुठे जात होती, मुलांनी ती कशी शोधली, त्यात कोण दुखावले आणि शेवटी काय टिकले, हे इथे सविस्तर लिहितो आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणूनही काम पाहतो, त्यामुळे पहिल्यापासून यात होतो.

आधी काय करत होतो

महाविद्यालय सिंधुदुर्गातले, किनाऱ्यापासून थोडे आत सड्यावर. खाली जांभ्याचा कातळ, वर मोकळे आभाळ. जुनी इमारत जांभ्याची, कौलारू. नवी तीन मजली, स्लॅबची, गळतीमुळे वर पत्र्याची शेड चढवलेली. विद्यार्थी सुमारे नऊशे, बहुतेक आसपासच्या गावांतून एसटीने येणारे.

ऊर्जा बचतीचे कार्यक्रम आमच्याकडे नवे नव्हते. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि १४ डिसेंबर हा ऊर्जा संवर्धन दिन देशभर पाळला जातो. आम्हीही पाळत होतो. प्रतिज्ञा, भित्तिपत्रक स्पर्धा, गावातून फेरी. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात सातवा निकष संस्थेची मूल्ये आणि चांगल्या उपक्रमांचा असे, त्यात ऊर्जा बचतीचाही विचार होई. म्हणून फेरीचे फोटो नीट फाइलला लागत. बिल मात्र आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याइतकेच यायचे. मी बरीच वर्षे त्या फेरीच्या पुढे चाललो आहे, आणि त्या मुलांचा उत्साह खरा होता हे मला सांगायचे आहे. कमी होती ती वेगळ्याच गोष्टीची. आम्ही त्यांना 'वीज वाचवा' म्हणत होतो, पण महाविद्यालय किती वीज वापरते हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. बिल कार्यालयात येई, लेखापाल भरत, फाइल बंद होई. वर्गातून बाहेर पडताना बटण बंद करण्यापलीकडे मुलांच्या हातात काहीच दिलेले नव्हते.

एका जूनमध्ये मी तृतीय वर्षाच्या तासाला वीजबिलाची झेरॉक्स वाटली. वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार, मागील रीडिंग, चालू रीडिंग. स्थिर आकारावर बराच वेळ गेला. वीज वापरा अथवा नका वापरू, तो द्यावाच लागतो, हे मुलांना पटेना. त्याच तासाला चिपळूणकडचा एक मुलगा कोयनेबद्दल बोलला. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी पोफळीला उतरते, १,९६० मेगावॉटचा प्रकल्प चालवते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले. रत्नागिरी जिल्ह्यातच जयगडला कोळशावरचे १,२०० मेगावॉट आहेत, अंजनवेलला वायूवरचा प्रकल्प आहे. "मग पावसात आमच्याकडेच दोन-दोन दिवस लाइट का नसते?" हा त्याचा पुढचा प्रश्न. उत्तर त्याच्या गावाच्या रस्त्यावरच आहे : झाडीतून गेलेल्या उघड्या तारा, वादळात पडणारे खांब, खारे वारे इन्सुलेटरवर बसवतात तो मिठाचा थर. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या मुलांनी शाळेच्या वयात भोगलेले होते. अंधार काय असतो ते त्यांना शिकवावे लागत नाही. म्हणूनच वाया जाणारी वीज त्यांना लागते, असे मला वाटते.

त्या तासानंतर सात जणांनी मीटर वाचायचे ठरवले. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, रोज. पहिले दोन आठवडे आमचा हिशेब बिलाच्या विसाव्या भागाइतकाच येत होता, कारण गुणक अवयवाने गुणायचे असते हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. नोंदवहीत पेनची शाई दमट हवेने फुटायला लागली, म्हणून सुतळीने पेन्सिल बांधली. पावसाळ्यात पानांना बुरशी धरते, तेव्हा ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगली. आजही ती तिथेच आहे.

रात्रीची मोजणी

गणपतीनंतरच्या पहिल्या शनिवारी रात्री आठला आम्ही जमलो. सोबत महाविद्यालयाचे वायरमन. पॅनेलला हात फक्त त्यांनी लावायचा, हे आधीच ठरवले होते आणि त्यात कोणतीही सवलत दिली नाही.

पद्धत साधी होती. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला किती लुकलुकी हे मीटरवरच छापलेले असते; आमच्यावर ३,२०० आहे, तेही गुणक अवयव धरण्याआधीचे. सगळे जसेच्या तसे ठेवून दहा मिनिटे मोजले तर ६९ भरल्या. त्याचा भार निघतो सुमारे २.६ किलोवॉट, चोवीस तासांचे ६२ युनिट. गणपतीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग वायरमन एकेक जोडणी बंद करत गेले आणि आम्ही दर वेळी दहा मिनिटे मोजत राहिलो. दोघे मोजायचे, दोघांचे आकडे जुळले तरच लिहायचे.

आवारातले दिवे बंद केले, लुकलुकी ३६ ने कमी. संगणक कक्षाचा एक यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालू ठेवणारे यंत्र, बंद केला, १२ ने कमी. दुसरा बंद केला, आणखी १२. उरल्या ९, त्यात प्रयोगशाळेचे फ्रिज, सीसीटीव्ही, राउटर.

म्हणजे ६२ पैकी साडेबत्तीस युनिट एकट्या आवारातल्या आठ दिव्यांचे होते. सोडियमचे, १५० वॅटचे, चोक धरून सुमारे १७० वॅट. पण ते रात्री बारा तास लागले तर सोळाच युनिट व्हायला हवेत. दुप्पट होत होते, याचा अर्थ सुट्टीत ते दिवसाढवळ्याही जळत राहिले. त्यांना टायमर होता. मग टायमर काय करत होता?

आणखी एक गोष्ट त्या रात्री सापडली, ती कानाने. सगळे बंद करून आम्ही गप्प मोजत उभे असताना खालच्या मजल्यावरून पाणी पडल्याचा आवाज आला. थांबला. थोड्या वेळाने पुन्हा. मुताऱ्यांवर आपोआप भरून रिकाम्या होणाऱ्या टाक्या असतात, दहा-दहा लिटरच्या, तशा आमच्याकडे सात आहेत. दर दहा मिनिटांनी एक फ्लश, रात्रंदिवस, माणूस असो वा नसो. मुलांनी तिथेच भिंतीला वही टेकवून गुणाकार केला : दिवसाला १०,०८० लिटर. विजेच्या हिशेबात हे किरकोळ निघाले. तेवढे पाणी २५ मीटर चढवायला आमच्या पंपाला फार तर पावणेदोन युनिट लागत असतील. पण दहा हजार लिटर म्हणजे एक टँकर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या आमच्या किनाऱ्यावर कातळ पाणी धरून ठेवत नाही. एप्रिल संपता संपता विहीर तळ दाखवते आणि वसतिगृहासाठी टँकर मागवावा लागतो. वीज शोधायला गेलेल्या मुलांना पाणी सापडले. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा शोध मी यालाच मानतो.

इथे चूक झाली

रविवारी सकाळी एका विद्यार्थ्याने भर उन्हात जळणाऱ्या दिव्यांचा फोटो काढला आणि महाविद्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. खाली लिहिले, 'जबाबदार कोण?' सोमवारपर्यंत तो फोटो सगळीकडे फिरला होता. रात्रपाळीचे पहारेकरी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. नोकरीला इतकी वर्षे झाली, असे कधी झाले नव्हते, एवढेच म्हणाले आणि बसून राहिले.

मी त्या विद्यार्थ्याला आणि बाकीच्यांना मामांच्या खोलीत घेऊन गेलो. मामांनी टायमर उघडून दाखवला. जुन्या पद्धतीचा, फिरत्या तबकडीचा. वीज गेली की तबकडी थांबते, आली की जिथे होती तिथून पुढे चालू लागते. पावसाळ्यात रोज तासभर तरी वीज जाते. आठवड्याभरात तबकडी सात तास मागे पडते, आणि संध्याकाळी सातला लागायचा दिवा मध्यरात्री दोनला लागतो.

"लाइट गेली की ता घड्याळ थांबता," मामा म्हणाले. "मगे संध्याकाळी काळोख. शेवटच्या गाडयेक जाणारी पोरां ह्याच वाटेन जातत. सड्यार फुरशी आसत. एखाद्याक चावला तर?"

म्हणून त्यांनी टायमरला वळसा घालून साधे बटण बसवून घेतले होते. रोज संध्याकाळी लावायचे, सकाळी बंद करायचे. गणपतीला गावी जाताना आवार आठवडाभर अंधारात राहू नये म्हणून ते चालू ठेवून गेले. ज्याला आम्ही उधळपट्टी समजलो, ती एका माणसाने मुलांच्या पायाखालच्या फुरशांपासून केलेली राखण होती. टायमर बिघडला आहे हे त्यांनी दोनदा कार्यालयात सांगितले होते. ऐकणारे कोणी नव्हते.

फोटो टाकणारा मुलगा मामांच्या पाया पडला आणि त्याच गटावर सगळी हकिगत लिहिली. त्या दिवशी मुलांनी स्वतःसाठी नियम केला : काही चालू दिसले तर फोटो नाही, आधी तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारायचे, का चालू आहे. नोंदवहीत 'कारण' असा नवा रकाना त्यातून आला. माझ्या मते विद्यार्थी सहभागाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घसरायला इथेच होते. मुलांच्या हाती मोजमाप आले की पहिली बोटे सफाई कर्मचारी, शिपाई, पहारेकरी यांच्याकडेच जातात, कारण तेच दिसतात. टायमर न बदलणारे कार्यालय दिसत नाही.

यूपीएसचा प्रश्न शांतपणे सुटला. चौकशीत कळले की एका कक्षातले संगणक वर्षभरापूर्वी दुसरीकडे हलवले होते. तिथला यूपीएस तेव्हापासून कोणाचीच राखण न करता चालू होता. दुसऱ्याबद्दल संगणक विभागाच्या मॅडमना भीती होती की रोज बंद केल्याने बॅटऱ्या खराब होतील. भीती बिनबुडाची नव्हती, लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या महिनोन्महिने बिनचार्ज पडून राहिल्या तर मरतात. पण एका रात्रीने काही होत नाही. रात्री आणि रविवारी बंद, मोठ्या सुट्टीत मात्र मधून मधून एखादा दिवस चालू करून चार्ज करायचा, यावर मॅडम राजी झाल्या आणि तसा कागद त्यांनी स्वतः लिहून यूपीएसवर चिकटवला.

समितीपुढे

दिवे आणि टायमर बदलायला पैसे लागणार होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते. तिच्यापुढे मी न बोलता दोन विद्यार्थिनींनी बोलावे, असे प्राचार्यांनी सुचवले. त्यांनी एकच पान नेले. वर ६२ चा आकडा, खाली तो कसा फुटतो ते, त्याखाली मागणी : बॅटरीची साठवण असलेला डिजिटल टायमर, आठ एलईडी दिवे ४५ वॅटचे, मुताऱ्यांच्या टाक्यांना रात्री बंद करता येतील असे कॉक. समितीतल्या एका सदस्यांनी सौर पॅनेलबद्दल विचारले. मुलीने उत्तर दिले, "आधी गळती बंद करू, मग किती पॅनेल लागतील ते कळेल." मंजुरी त्याच बैठकीत मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा सात दिवसांची मोजणी झाली. मीटर ४.२ ने सरकले. ८४ युनिट, दिवसाला १२. सुट्टीच्या दिवशी ५० युनिटांची बचत. देशाच्या वीजपुरवठ्यात युनिटमागे ढोबळ ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर दिवसाला ३५ किलो. मुलांना हा आकडा लगेच ३६५ ने गुणायचा होता. मी गुणू दिला नाही. कामाच्या दिवशी मामा सकाळी दिवे बंद करतच होते, यूपीएसही दिवसा लागतोच, त्यामुळे रोजची बचत याहून बरीच कमी आहे. नॅकच्या अहवालातही सुट्टीचा आकडा सुट्टीचा म्हणूनच लिहिला.

पंख्यांचा हिशेबही मुलांनी केला, पण तिथे निष्कर्ष वेगळा निघाला. साधा पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. वर्गातला पंखा दिवसाला सहा तास, वर्षाला दोनशे दिवस धरला तर एका पंख्यामागे ५४ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये आणि पंख्याला अडीच ते तीन हजार धरले तर पैसे सुटायला साधारण साडेचार ते साडेपाच वर्षे लागतात. म्हणून त्यांनी चालू पंखे काढून टाका असे सुचवले नाही. जळलेला पंखा पुन्हा वाइंडिंगला पाठवू नये, त्या जागी बीएलडीसी घ्यावा, आणि सुरुवात ग्रंथालय व कार्यालयापासून करावी, कारण तिथे ते वर्षभर दिवसाचे आठ-दहा तास फिरतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात, पत्र्याखालच्या तिसऱ्या मजल्यावर पंखे कमी चालवा असे सांगण्याचा विचार कोणी केला नाही, आणि ते योग्यच झाले. घामाने निथळत बसलेला वर्ग शिकत नाही.

मुले निघून जातात

एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या आणि ते सात जण पदवी घेऊन गेले. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, एक जण घरच्या होडीवर. मेमध्ये नोंदवहीचे एकही पान भरले नाही. पदवीच्या महाविद्यालयात हे दर वर्षी होणारच. जे शिकतात तेच जातात. शिवाय उन्हाळ्यात मी स्वतःही वाचन घेतले नाही, ती माझी कसूर.

जूनपासून व्यवस्था बदलली. तृतीय वर्षाचा एक आणि प्रथम वर्षाचा एक अशा जोड्या केल्या, एकट्याने वाचन घ्यायचे नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते, त्यात मीटर वाचनाचे तास धरायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरणाचा अभ्यास सर्वांना आहेच. त्याचा प्रकल्प म्हणून पुस्तकातून उतरवून काढण्याऐवजी महिन्याचा विजेचा आणि पाण्याचा हिशेब चालेल असे आम्ही ठरवले. मे महिन्याचे वाचन मामांनी मागून घेतले. त्यांचे अक्षर वहीत सगळ्यांत सुवाच्य आहे.

पुढच्या गणपतीला मीटर ६ ने सरकले. १२० युनिट, दिवसाला १७. मागच्या दिवाळीपेक्षा पाच जास्त. ज्या मुलीने टॉर्च धरली होती ती तोपर्यंत ठाण्यात नोकरीला लागली होती. गणपतीला गावी आलेली, ती मुद्दाम मीटर खोलीत आली. प्रथम वर्षाच्या मुलाने आकडा वाचला, तिने मनातल्या मनात गुणले आणि म्हणाली, "काय तरी चालू रवला." दोघे मजल्यामजल्याने फिरले. जुन्या इमारतीच्या पडवीत पाण्याचा कूलर थंडगार लागत होता, आत कॉम्प्रेसर चालू. मुलाने तो बंद केला आणि 'कारण' या रकान्यात पेन्सिलीने लिहिले : कूलरचे बटण कपाटामागे आहे, दिसत नाही. बाहेर आणायला सांगणे.